तिसऱ्या रांगेचे मानकरी

सात आसनांची गाडी घेणारा माणूस ती स्वतःसाठी घेतच नाही. तो आईच्या गुडघ्यांसाठी घेतो, पोरांच्या सुट्टीसाठी घेतो, गणपतीत आत्याला एसटीच्या आरक्षणामागे धावावं लागू नये म्हणून घेतो. त्याचा स्वतःचा स्वार्थ एवढाच, की स्टिअरिंगमागे तो बसतो आणि पार्किंगमध्ये शेजाऱ्याच्या छोट्या गाडीवर त्याच्या गाडीची सावली पडते.

हल्ली या निःस्वार्थीपणात सुरक्षिततेची भर पडली आहे. पूर्वी गाडी बघायला आलेला मेहुणा पहिला प्रश्न विचारायचा, "ॲव्हरेज किती देते?" आणि दुसरा, "विकताना किती येतील?" आता तो बॉनेटवर टिचकी मारतो आणि विचारतो, "किती स्टार?" टिचकी ही मेहुण्याची खासगी क्रॅश टेस्ट. पत्रा ठण्ण वाजला तर गाडी भक्कम, टप् वाजला तर डबा. अपघातात माणसाला वाचवतो तो आतला सांगाडा, पट्टे आणि एअरबॅगा. बाहेरचा पत्रा चुरगळण्यासाठीच असतो, हे त्याला सांगायचं धाडस कोणी करत नाही. मेहुणा आहे. बहीण त्याच्या घरी आहे.

हे स्टारही आपल्याकडे अपमान होऊनच आले. जानेवारी २०१४ मध्ये 'ग्लोबल एनकॅप' या वाहन-सुरक्षा संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्या आपटून पाहिल्या आणि मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाचही गाड्यांना शून्य स्टार दिले. मग आपला स्वाभिमान जागा झाला. २०१८ च्या अखेरीस टाटा नेक्सॉनला पाच स्टार मिळाले, २०२१ मध्ये महिंद्राच्या एक्सयूव्ही७०० ला मिळाले. २२ ऑगस्ट २०२३ रोजी नितीन गडकरींनी आपली स्वतःची 'भारत एनकॅप' योजना जाहीर केली आणि त्याच वर्षी डिसेंबरात तिचे पहिले पाच स्टार सफारी आणि हॅरियरने पटकावले. मराठी माणसाची छाती फुगायला हे पुरेसं आहे, कारण सफारी पुण्याजवळची आणि एक्सयूव्ही७०० चाकणची. चाकणच्या चौकात तर ही गाडी जगात सर्वाधिक सुरक्षित असते. चाचणीचा वेग ताशी ६४ किलोमीटर. त्या चौकात संध्याकाळी सहा वाजता ६४ मीटर सरकायलाही नवस बोलावा लागतो.

एसयूव्ही म्हणजे नेमकं काय, याचा विचार सरकारनेही केला आहे, फक्त तो सुरक्षेसाठी नव्हता, करासाठी होता. डिसेंबर २०२२ मध्ये जीएसटी परिषदेने ठरवलं की जिची लांबी चार मीटरहून अधिक, इंजिन १५०० सीसीहून मोठं आणि जमिनीपासूनची उंची किमान १७० मिलिमीटर, तिच्यावर २२ टक्के उपकर. तो सप्टेंबर २०२५ पर्यंत होता. जुलै २०२३ मध्ये खुलासा आला की ही उंची गाडी रिकामी असताना मोजायची. खुलासा करणाऱ्या अधिकाऱ्याने कोकणात निघालेलं कुटुंब पाहिलेलं असणार. गाडी भरल्यावर उंची मोजली असती, तर गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी महाराष्ट्रातल्या निम्म्या एसयूव्ही कायद्याने सेडान ठरल्या असत्या.

पण आपण स्टारांकडे येऊ. भारत एनकॅपच्या चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने, नाकाच्या एका बाजूने, दबणाऱ्या अडथळ्यावर आपटतात. मग दुसऱ्या गाडीच्या कुशीत ५० च्या वेगाने ट्रॉली घुसवतात. शिवाय २९ च्या वेगाने खांबावर आडवी नेऊन धडकवतात. पुढच्या आसनांवर मोठ्या माणसांचे पुतळे असतात. मधल्या रांगेत दोन बालपुतळे असतात, एक दीड वर्षाचा आणि एक तीन वर्षांचा, दोघेही बालआसनांत करकचून बांधलेले. मोठ्यांच्या ३२ गुणांपैकी निदान २७ आणि मुलांच्या ४९ पैकी निदान ४१ मिळाले तर पाच स्टार. सफारीला अनुक्रमे ३०.०८ आणि ४४.५४ मिळाले होते. दहावीच्या निकालात शोभावे असे गुण आहेत.

आणि तिसऱ्या रांगेत? तिथे त्या दिवशी कोणीच नसतं. मुलांच्या गुणांत प्रत्येक आसनाला खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा पट्टा आहे का, हे तपासतात, नाही असं नाही. पण गाडी प्रत्यक्ष आपटते तेव्हा पुतळेसुद्धा मागे बसायला जात नाहीत. मागून भरधाव ट्रक आला तर काय, या प्रश्नाला तर स्टारच नाही. म्हणजे आपण ज्या रांगेसाठी जास्त पैसे मोजतो, तिच्यात बसून प्रश्नपत्रिका कोणीच सोडवलेली नसते. निकालपत्र मात्र सगळ्या गाडीच्या काचेवर चिकटवलेलं असतं.

पुतळे कुठे बसवायचे ते शास्त्रावर ठरतं. आपल्याकडे ते मानावर ठरतं. डावीकडचं पुढचं आसन वडिलांचं, जावई आलेला असेल तर जावयाचं. मधल्या रांगेत खिडकीशी आजी, कारण तिला मागे चढता येत नाही. दुसऱ्या खिडकीशी काकू, कारण तिला गाडी लागते. आणि मध्ये जिला यातलं काहीच होत नाही ती. उरलेले तिसऱ्या रांगेत. उरलेले म्हणजे दोन पोरं, नोकरी न लागलेला भाचा आणि अजून 'नाही' म्हणायला न शिकलेली नवी सून. सर्वांच्या मांडीवर प्रत्येकी एक पिशवी, कारण तिसरी रांग उभी केली की डिकी म्हणून जे उरतं त्यात दोन छत्र्या आणि एक नारळ मावतो. थोडक्यात, ज्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी गाडी घेतली, ती मुलं मागच्या बंपरपासून हातभर अंतरावर, आणि ज्या बॅगा सुरक्षित राहाव्यात असं वाटतं त्या मुलांच्या मांडीवर.

या रांगेला स्वतःचं दार नसतं. मधलं आसन पुढे लोटल्याशिवाय इथल्या माणसाला बाहेर येता येत नाही, आणि ते लोटायचं तर काकूंना आधी जागं करावं लागतं. खिडकी असते, उघडत नाही. गुडघे हनुवटीच्या उंचीला असतात. डोकं टेकायची उशी असते, पण ती खाली दाबून ठेवलेली, कारण चालवणाऱ्याला आरशात मागचं दिसायला हवं. मान जिथे सांभाळायची तिथलीच उशी आरशासाठी बळी जाते आणि आरशात दिसतं ते काय, तर मान वाकडी करून झोपलेला भाचा.

शोरूममध्ये हे कोणी विचारत नाही. समजा एखाद्याने विचारलंच, तर संवाद साधारण असा होतो:

"मागच्या रांगेपर्यंत पडद्याची एअरबॅग येते का हो?"

"सर, मागे एसीचे व्हेंट आहेत."

"ते दिसलं. एअरबॅग?"

"टाइप-सी चार्जिंग पण दिलंय सर. आणि कप होल्डर."

"अपघात झाला तर?"

"सर, फाइव्ह स्टार आहे." एवढं म्हणून तो छताचं बटण दाबतो, आकाश सरकत उघडतं, आणि कुटुंब एकमुखाने 'वाऽऽ' करतं. प्रश्नाची वेळ तिथे संपते. या छताचा पुढचा उपयोग सगळ्यांना ठाऊक आहे. बालआसन घ्यायला पैसे उरत नाहीत, पण वरून डोकं काढून उभं राहायला पोरांना एक झक्क खिडकी मिळते, आणि खंडाळ्याच्या घाटात आई खालून त्यांची पॅन्ट धरून बसते. बालआसन गाडीला जखडणाऱ्या आयसोफिक्सचा हा आपला मराठमोळा अवतार.

पट्ट्याची तर वेगळीच कथा. पुढे तोंड करून बसलेल्या मागच्या प्रवाशांनीही पट्टा लावावा, हा नियम कित्येक वर्षं पुस्तकात आहे. २०१९ पासून न लावण्याचा दंड हजार रुपये, आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याविना नेलं तरी तेवढाच. पण आपल्या समजुतीत पट्टा हा पोलिसापासून संरक्षण देतो, अपघातापासून नव्हे. टोलनाक्यावर मामा दिसला की लावायचा, मागे पडला की सोडायचा. मागच्या रांगेचा पट्टा तर गाडी विकेपर्यंत कोराच राहतो. त्याचं बक्कल सीट-कव्हरखाली गाडलं गेलेलं असतं आणि सुनेने एकदा शोधायचा प्रयत्न केला तर हाती गेल्या दिवाळीतली चकली लागते.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात, सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. गाडी महागडी होती, एअरबॅगांना तोटा नव्हता. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागच्यांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. आठवडाभर देशभर मागच्या पट्ट्याची चर्चा झाली. मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबरपासून सर्वांना पट्टा सक्तीचा केला. केंद्राच्या आकडेवारीप्रमाणे त्याआधीच्या वर्षात, २०२१ मध्ये, पट्टा न लावल्याने १६,३९७ माणसं मेली होती, त्यातले ७,९५९ चालक नव्हते, प्रवासी होते.

या आकड्यावर बाजाराने काढलेला तोडगा पाहा. पट्टा लावला नाही की गाडी टुँ टुँ ओरडते, त्याचा त्रास होतो, म्हणून बक्कलात खोचायची एक पितळी-पोलादी जीभ ऑनलाइन मिळू लागली. पट्टा न लावता गाडीला 'लावलाय' असं पटवायचं. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना ती विकायला मनाई केली तेव्हा १३,११८ जाहिराती काढून टाकाव्या लागल्या. वीस लाखांची गाडी घ्यायची, ती आपल्याला वाचवायला धडपडते म्हणून चिडायचं आणि तिच्या तोंडात शंभर-दोनशेचा बोळा कोंबायचा, अशी ही काटकसर आहे.

गाडी घरी आली की सुरक्षेचा दुसरा अध्याय सुरू होतो. चाकांखाली लिंबू, बॉनेटवर स्वस्तिक, आरशाला काळी बाहुली. यात गैर काही नाही, लिंबाने एअरबॅग अडत नाही. पुढे मात्र 'थोडं मजबूत करून घेऊ' म्हणून समोर लोखंडी गार्ड बसतं. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने अशी गार्डं बेकायदा असल्याचं राज्यांना कळवलं होतं. धडक कशी शोषायची आणि एअरबॅग केव्हा उघडायची याचा गाडीने मांडलेला सगळा हिशोब हा लोखंडी दागिना बिघडवतो, आणि पादचाऱ्याला तो सगळ्यात आधी लागतो. मग आसनांना जाड रेक्झिनची कव्हरं चढतात, जी आसनाच्या बाजूला दडलेल्या एअरबॅगेची वाट शिवून टाकतात. कारखान्यात इंजिनिअर लोकांनी पाच वर्षं डोकं खपवून कमावलेले स्टार आपण गल्लीतल्या ॲक्सेसरीच्या दुकानात एका दुपारी परत करून येतो, वर जीएसटी भरून.

सातारा-कोल्हापूरकडच्या वडाप जीपमध्ये निदान ढोंग नव्हतं. मागे समोरासमोर बाकडी, दहाच्या जागी सोळा माणसं, एक बोकड, आणि दाराला लोंबकळणारा क्लिनर. पण त्या वडापवाल्याने कधी "ही तुमच्या कुटुंबाच्या सुरक्षेसाठी आहे" असं म्हटलं नाही. बसणाराही देवाचं नाव घेऊनच चढायचा. आपण मात्र तीच गर्दी गारेगार एसीत, निळ्या दिव्यांच्या उजेडात बसवतो आणि तिला पाच स्टारांचं प्रमाणपत्र देतो. वर अडास नावाची यंत्रणा असतेच. ती रस्त्यावरचे पांढरे पट्टे वाचून गाडी लेनमध्ये ठेवते. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चालू आहे. तिथे पट्टे वाचायला तिला आधी रस्ता वाचावा लागेल.

तेव्हा गाडी घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक कर्त्या पुरुषाला एक नम्र सूचना. टेस्ट ड्राइव्हला स्टिअरिंग धरू नका. ते सुनेच्या हाती द्या. वडिलांना आणि मेहुण्याला मधल्या रांगेत बसवा, मांडीवर दोन पिशव्या घ्या आणि तुम्ही तिसऱ्या रांगेत जाऊन बसा. पट्टा सापडतो का पाहा. तो खांद्यावरून जातो की गळ्यावरून, ते पाहा. उशी कानापर्यंत येते का, पडद्याची एअरबॅग तुमच्या खिडकीपर्यंत लिहिली आहे का, आणि ती तुम्हाला परवडणाऱ्या मॉडेलमध्ये आहे की फक्त सर्वात महागात, हे तिथूनच विचारा. चाकांत भरल्या गाडीची हवा किती, ते दारावरच्या पट्टीवर वाचायला सांगा. मग खंबाटकी घाट उतरा. खाली आल्यावर मधल्यांना न उठवता बाहेर पडून दाखवा.

शोरूमवाले याला हरकत घेतील, कारण मागून उतरलेलं गिऱ्हाईक छताचं बटण दाबायला सांगत नाही. अशी बरीच मंडळी मग पाच आसनांची चांगली गाडी घेतील आणि वर्षातून जे चार दिवस सात माणसं निघतात, त्या दिवशी दुसरी गाडी भाड्याने सांगतील. कंपन्यांनाही मग कळेल की एखादा पुतळा मागे बसवून पाहायची वेळ झाली आहे. तोवर ती चाचणी आपल्याकडे माणसं बसवूनच चालू आहे, रोज, टोल भरून.