शेवटचे दोन

मावळात ‘उमेदवार’ म्हटलं की लोक आधी पक्ष विचारतात. म्हणून सुरुवातीलाच खुलासा केलेला बरा. इथे ज्या उमेदवाराला मार्गदर्शन करायचं आहे त्याला जिल्हा परिषद लढवायची नाही, पर्सनल ट्रेनर व्हायचं आहे. त्यासाठी लोणावळ्याच्या एखाद्या जिममध्ये तो जी बिनपगारी किंवा अर्धपगारी इंटर्नशिप करणार आहे, तिला मराठीत उमेदवारी हाच जुना शब्द आहे. दोन्ही उमेदवाऱ्यांत साम्य एवढंच, की सतत हसतमुख राहावं लागतं आणि समोरच्याला खरं वाटेल अशा बेताने थोडं खोटं बोलावं लागतं. दुसऱ्या कौशल्याचा विचार पुढे सविस्तर येईल.

उमेदवार कार्ल्याचा असेल तर उत्तम. मळवली स्टेशनावर उतरलं की एका अंगाला लोहगड-विसापूर, दुसऱ्या अंगाला कार्ल्याची लेणी आणि एकवीरा आई. अशा गावात वाढलेल्या मुलाचे पाय बारावीच्या आतच तयार झालेले असतात. त्याला मात्र त्याची किंमत नसते. त्याचं सगळं लक्ष दंडाकडे. दंडाचा घेर किती इंच भरला हे तो न विचारता सांगतो आणि तीच आपली पदवी आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. पहिला धडा इथेच द्यावा. भरपूर जेवणारा माणूस चांगला आचारी असेलच असं नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगायचं तर हौस असेल तितकी मिळतात. क्रीडा व फिटनेस क्षेत्राच्या कौशल्य परिषदेचा ‘फिटनेस ट्रेनर’ हा अभ्यासक्रम आहे. परदेशी शिक्का हवा असल्यास 1985 साली स्थापन झालेली अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज आहे. यांतलं काहीही करावं, पण सीपीआर मात्र हाताने शिकावं. मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब, मोठ्या माणसाच्या छातीवर पाच-सहा सेंटिमीटर खोल. या संपूर्ण मार्गदर्शनात विनोद करायला जागा नाही अशी ही एकच ओळ आहे.

आता प्रत्यक्ष उमेदवारी. पहिल्या दिवशी उमेदवार घट्ट टी-शर्ट घालून येतो आणि दिवसभर प्लेटा उचलतो. व्यायाम म्हणून नव्हे, तर मेंबर लोकांनी जिथे टाकल्या तिथून रॅकवर नेऊन ठेवायला. वीसच्या प्लेटा वीसच्या दांड्यावर, पाचच्या पाचच्या. मग बेंच पुसणं, एसीचा रिमोट शोधणं, ‘आज चेस्ट मारायचा का बॅक?’ असं विचारत आलेल्याला ‘सर येतायत’ म्हणणं. दुसऱ्या आठवड्यात घरचे विचारतात, काय शिकलास? उमेदवाराला सांगता येत नाही.

त्याने निराश होऊ नये. ही रीत इंग्रजी नावाने आली असली तरी गावच्या तालमीत ती कधीपासूनची आहे. तिथे नवा पठ्ठ्या आला की वस्ताद त्याला डाव शिकवत नसे, खोरं देत असे. हौदातली लाल माती उकरायची, चाळायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळायची. मोठ्या पैलवानांना मालिश करायचं. दोन-चार महिने माती उपसताना त्या पोराच्या खांद्यांची काय घडण होई ते वस्तादाला ठाऊक असे, पोराला नसे. शिवाय मालिश करता करता कोणाची पाठ कुठे धरते आणि कोणाचा गुडघा कधी बोलतो, हे बोटांना कळे. प्लेटा लावणाऱ्यानेही डोळे उघडे ठेवले तर तेच होतं. ज्या माणसाने बारवर साठ किलो चढवून पाय जेमतेम चार बोटं वाकवले, त्याची ओळख त्याने भरलेल्या मेंबरशिपच्या फॉर्मवरून पटत नाही, त्याच्यामागून प्लेटा काढताना पटते.

वाचनाची आवड असलेल्या उमेदवाराने ‘व्यायाम ज्ञानकोश’ एकदा तरी हातात धरून पाहावा. दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी बडोद्यात संपादित केलेले हे दहा खंड 1936 ते 1949 या काळात निघाले. ते सगळे एकदम उचलले तर वाचले नाहीत तरी व्यायाम होतो. आजचा उमेदवार त्याऐवजी तीस सेकंदांच्या रील्स पाहतो. दोघांचं ज्ञान समान नसेल, आत्मविश्वास मात्र रीलवाल्याचा जास्त असतो.

उमेदवारी कशी करावी याचा उत्तम नमुना कार्ल्यापासून दहाएक किलोमीटरवर आहे. 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद, मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, हे 1907 ते 1910 अशी तीन वर्षं बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली शारीरिक शिक्षण घेत होते. पुढे नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासांकडे योग शिकले. एवढं झाल्यावर कोणीही भगवी वस्त्रं घालून आशीर्वाद देत बसला असता. यांनी माणसांना क्ष-किरण यंत्रापुढे उभं केलं आणि उड्डियान, नौली करताना पोटात नेमकं काय घडतं ते पाहिलं. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात दाब वातावरणापेक्षा कमी होतो, हे त्यांनी मापून दाखवलं आणि त्या पोकळीला आपल्या गुरूंचं नाव दिलं. गुरुदक्षिणा म्हणून आतड्यातली पोकळी अर्पण करणारा दुसरा शिष्य इतिहासात सापडणं कठीण आहे. ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिकही त्यांनी 1924 सालीच सुरू केलं, म्हणजे माप घ्यायचं आणि छापायचंही. 1927 साली प्रकृती ढासळलेल्या गांधीजींनी त्यांचा सल्ला घेतला होता. स्वतःच्या आहारावर आयुष्यभर प्रयोग करत आलेला मेंबर सांभाळणं म्हणजे काय, हे कोणत्याही ट्रेनरने मनात आणून पाहावं.

मोजण्याचा विषय निघालाच आहे, तर आकड्यांकडे वळू. जिममध्ये सगळं दहाच्या तीन सेटांत का होतं, असं उमेदवाराने सरांना विचारू नये, सर रागावतात. हा आकडा बराचसा थॉमस डेलॉर्म या अमेरिकन डॉक्टरांच्या पुण्याईने आला. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांचे पाय पुन्हा धड करण्यासाठी त्यांनी वजनं वापरली, आधी सात ते दहा सेट करून घेतले आणि 1948 पर्यंत तीनवर आले. म्हणजे लोणावळ्यात लग्नाआधी पोट कमी करू पाहणारा नवरदेव खरं तर इस्पितळातला उपचार घेत असतो. दुसरा आकडा 220 वजा वय. हृदयाचे जास्तीत जास्त ठोके काढण्याचं हे सूत्र 1970 च्या सुमारास ढोबळमानाने बांधलं गेलं आणि ट्रेडमिलशेजारच्या तक्त्यांवर जाऊन बसलं. 2001 मध्ये तानाका आणि सहकाऱ्यांनी 208 वजा वयाच्या सात दशांश असं सुधारित सूत्र दिलं. साठीच्या काकांसाठी पहिलं 160 सांगतं, दुसरं 166. गोंधळ झाला तर सोपी कसोटी वापरावी. काका चालता चालता पूर्ण वाक्य बोलू शकतात का? सरकारवर टीका करत असतील तर व्यायाम मध्यम आहे. टीका तुटक झाली तर तो जोराचा झाला. टीका बंद पडली तर थांबावं.

अर्थात त्याआधी प्रश्नावली भरून घ्यायची असते. व्यायामापूर्वीची सात प्रश्नांची एक मूळ कॅनडाची यादी जगभर वापरली गेली. छातीत दुखतं का, चक्कर येते का, हाडा-सांध्यांचा त्रास आहे का, वगैरे. मराठी मेंबर सातही प्रश्नांना ‘तसं काही नाही’ असं उत्तर देतो आणि तिसऱ्या दिवशी सांगतो, ‘दोन स्टेंट आहेत फक्त.’ ‘फक्त’ हा शब्द ऐकू आला की उमेदवाराने हातातलं सगळं खाली ठेवून डॉक्टरांचं पत्र मागावं.

आहाराचं प्रकरण लोणावळ्यात नाजूक आहे. ज्या गावच्या बाजारात दर दुसऱ्या दुकानावर चिक्कीची पाटी, तिथे साखर सोडा असं सांगणं म्हणजे आळंदीत टाळ वाजवू नका म्हणण्यासारखं. शंभर ग्रॅम शेंगदाण्याच्या चिक्कीत पाचशेच्या घरात कॅलरी असतात आणि किलोभर चरबी म्हणजे साधारण 7700. हा हिशेब मेंबरला सांगावा, पण तो पाकीट घेऊन गाडीत बसण्यापूर्वी. भाताबद्दल मात्र उमेदवाराने जपून बोलावं. आंबेमोहोर आणि आयआर-8 यांच्या संकरातून निघालेला इंद्रायणी 1987 साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने दिला आणि मावळात तो नुसता भात नाही, माहेर आहे. ‘रात्री भात बंद’ असं जाहीर करणाऱ्या उमेदवाराला त्याच्याच घरी रात्री काय वाढलं जाईल, याचा त्याने आधी विचार करावा.

जाहिरात शिकायला उमेदवाराने लेण्यापर्यंत चढून जावं. तिथल्या चैत्यगृहात वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचा लेख आहे. हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे, असं त्यात बेधडक नोंदवलं आहे. दोन हजार वर्षं होत आली तरी कोणी ते खोडलेलं नाही. खांबांवर धेनुकाकटच्या यवनांसकट देणगीदारांची नावं कोरलेली आहेत, म्हणजे मेंबरशिपची पाटीही आहेच. आणि दर्शनी भिंतीवरची स्त्री-पुरुषांची ती जोडशिल्पं! असे रुंद खांदे आणि अशा बारीक कमरा पाहून ‘आफ्टर’चे फोटो काढावेत, ‘बिफोर’चे शिल्पकाराने शहाणपणाने वगळले आहेत.

पण कार्ल्याचं खरं शिक्षण लेण्यात नाही, पायऱ्यांवर आहे. त्या किती, यावर वर जाणाऱ्याचं आणि खाली येणाऱ्याचं एकमत होत नाही. चैत्रात यात्रा भरते तेव्हा कोळी-आगरी घरंच्या घरं चढतात. खणानारळाचं ताट सांभाळत आज्या चढतात, कडेवर पोर घेऊन सुना चढतात, कोणाच्याही मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ नसतं. मध्येच कोणी ‘आई माऊलीचा’ अशी हाक देतं, ‘उदो उदो’ उठतो आणि बसलेली दहा माणसं उभी राहतात. सगळ्यांत महत्त्वाचे ते खाली येणारे लोक. अर्ध्यावर धापा टाकणाऱ्याने ‘किती राहिल्या?’ विचारलं की ते न चुकता म्हणतात, ‘आल्याच की आता.’ साफ खोटं असतं. विचारणाऱ्यालाही ते माहीत असतं. तरी तो उठतो.

जिममध्ये याचंच नाव ‘शेवटचे दोन’. ट्रेनर आठवर ‘शेवटचे दोन’ म्हणतो, दहावर पुन्हा म्हणतो, अकरावर ‘हा धरला नाही’ म्हणतो. हे वाक्य कधी टाकायचं हे पुस्तकात नाही. फॉर्म टिकून आहे आणि फक्त तोंड वाकडं झालंय, तेव्हा टाकायचं. पाठ वाकली किंवा गुडघा आत पडला, की उरलेले दोन ट्रेनरने स्वतःच्या खिशात घालायचे आणि मेंबरला ‘मस्त झाला सेट’ म्हणायचं. एवढं जमायला उमेदवाराला सहा महिने लागतात, काहींना प्रमाणपत्र भिंतीवर टांगल्यानंतर सहा वर्षं.

उमेदवारी संपता संपता त्याला पहिला स्वतःचा मेंबर मिळतो. ठाण्याहून आलेले, लोणावळ्यात सेकंड होम असलेले, डॉक्टरांचं पत्र आणलेले काका. रविवारी सकाळी तो त्यांना एकवीरेच्या पायऱ्यांवर नेतो. निम्म्यात काका लिंबूसरबताच्या टपरीशी टेकतात. घाम आहे, पण चेहरा नीट आहे. एक्स्प्रेस वेवरच्या टोलबद्दल ते पूर्ण वाक्यांत, कर्ता-कर्म-क्रियापदासह कुरकुर करत आहेत. कडेवर नात घेतलेली एक आजी दोघांना ओलांडून वर जाते.

‘किती राहिल्या रे?’ काका विचारतात.

लहानपणापासून या पायऱ्या मोजत आलेला उमेदवार एकदा वर बघतो, एकदा काकांच्या श्वासाकडे बघतो.

‘आल्याच काका,’ तो म्हणतो. ‘शेवटच्या वीस.’