तिसरी शिट्टी

डोंबिवलीत राहून मुंबईला नोकरी करणाऱ्या बाईला वेळेचं नियोजन शिकवायला जाऊ नये. लेडीज डब्यात आम्ही मटार सोलले, मेथी निवडली, भिशीचे हिशेब केले, हळदीकुंकू उरकलं आणि जागा मिळाली नाही तेव्हा उभ्यानं झोपाही काढल्या. मग कंपनीनं सांगितलं, आता बहुतेक दिवस घरूनच काम करा. जाण्यायेण्याचे रोजचे तीन तास वाचणार म्हणून मी त्यांची मनातल्या मनात वाटणीही करून टाकली: थोडी योगासनं, थोडं फ्रेंच आणि उरलेल्या वेळात माळा आवरणं.

ते तीन तास कोणत्या स्टेशनात उतरले देव जाणे. माळा आहे तसाच आहे.

आपल्याकडे घरात असलेलं माणूस मोकळंच असतं. काम ही चपला घालून, डबा घेऊन, बाहेर जाऊन करायची गोष्ट. त्यामुळे शेजारच्यांची किल्ली, तिसऱ्या मजल्यावरचं कुरिअर, सिलिंडरवाला, टाकी धुवायला आलेली माणसं, सगळे माझ्याच दाराशी. 'तू काय, घरीच असतेस' या वाक्यापुढे कुठलंही नेमणूकपत्र टिकत नाही. नवरा घरून काम करतो तेव्हा तो दार लावून घेतो आणि दाराबाहेर सगळं घर कुजबुजत बोलतं. मी दार लावलं, तर "बरं नाही का गं?" म्हणत सासूबाई आल्याचा चहा घेऊन आत येतात.

एकदा त्यांना म्हटलं, "आई, मीटिंग चाललीय."

"पण तू कुठं बोलतेयस? ऐकतेयस ना नुसती? मग ऐकता ऐकता घेवडा निवड."

यावर उत्तर नव्हतं. शिवाय घेवड्याच्या शिरा काढता काढता ती मीटिंग मला आधीच्या सगळ्या मीटिंगांपेक्षा बरी कळली, हेही सांगायला हवं.

आमचं हे असं चाललेलं पाहून असेल, कंपनीनं 'एकवीस दिवसांत उत्तम सवयी' असं एक ऑनलाइन शिबिर ठेवलं. अर्थात जेवणाच्या सुट्टीत. हा एकवीसचा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून निघालेला. नाक नीट करून घेतलेल्या पेशंटांना आरशातला नवा चेहरा अंगवळणी पडायला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्याला दिसलं होतं. त्यातलं 'निदान' वाटेत गळालं आणि नाकाच्या जागी पहाटे उठणं आलं. पुढं लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी खऱ्या माणसांच्या खऱ्या सवयी मोजल्या, तेव्हा सरासरी ६६ दिवसांची आली आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत गेला. मी कोणत्या टोकाची, हे घरात सगळ्यांना न मोजता माहीत आहे.

२०२० च्या मार्चमधला पहिला लॉकडाउनही बरोबर एकवीस दिवसांचाच जाहीर झाला होता. तेवढ्यात आमच्या घराला चार वाजता चहाबरोबर काहीतरी तळलेलं खायची सवय लागली. ती आजतागायत अढळ आहे आणि तिच्यासाठी कुणाला शिबिर घ्यावं लागलं नाही.

त्याच शिबिरात 'पोमोडोरो' कळलं. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्यानं १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ पुढ्यात ठेवून अभ्यास केला: पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. मला त्यात नवल वाटलं नाही, कारण आमच्याकडे कुकर आहे. पहिली शिट्टी होईपर्यंत मेल वाचायचे, दुसरीपर्यंत उत्तरं द्यायची, तिसरीला उठायचं. टोमॅटोच्या घड्याळाकडे दुर्लक्ष केलं तर काही बिघडत नाही. कुकरकडे केलं तर डाळ करपते आणि चार माणसं जेवताना गप्प बसतात. आता हे ऑफिसातही रुळलंय. परवा मी तिमाहीचे आकडे समजावून सांगत होते, तर नागपूरहून आमचे साहेब मध्येच म्हणाले, "मॅडम, तिसरी झाली. गॅस बंद करून या, आम्ही थांबतो."

सासूबाईंना या सगळ्याचं हसू येतं. त्यांनी घरून काम केलंय ते गिरगावच्या चाळीत, लिज्जतचे पापड लाटून. १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गिरगावातल्याच एका गच्चीवर ते काम सुरू केलं होतं. सासूबाई त्यात शिरल्या त्या बऱ्याच नंतर, पण ऐट अशी की आठवी आपणच. सकाळी मळलेलं पीठ वजन करून आणायचं, घरी लाटायचं, वाळवायचं आणि दुसऱ्या दिवशी पापड वजन करून देऊन मजुरी घ्यायची. दहा बाय बाराच्या खोलीत सासू, दोन दीर, पाळण्यात मूल आणि उरलेल्या जमिनीवर पापड. दार लावून घ्यायचा प्रश्नच नव्हता, कारण दारातही पापडच असायचे. मी विचारलं, "कंटाळा आला तर काय करायचात?"

"पीठ वाळतं ना गं," त्या म्हणाल्या, "कंटाळायला वेळ कुठला?"

मग थोडं थांबून त्यांनी माझ्या लॅपटॉपकडे पाहिलं. "तुझं हे काम कोण तोलून घेतं?"

"होतं ना, वर्षातून एकदा. अप्रेझल म्हणतात."

"वर्षातून एकदा?" त्यांनी चष्मा वर केला. "तोवर बुरशी नाही येत?"