चाकांवरच्या बंगल्याचा वातविकार : निदान, उपचार आणि पथ्य

जिंतूरहून येलदरीचा रस्ता पंधराएक किलोमीटरचा. तेवढ्यात मोटारहोम नावाचा चाकांवरचा बंगला बऱ्याचदा डुलतो, दोनतीनदा उसळतो आणि धरणाजवळ पोचल्यावर डावीकडे कलून उभा राहतो. आत ओतलेला चहा कपाच्या एकाच काठाला येतो. कुटुंबप्रमुख म्हणतात, "उतार असेल." मेहुणे एव्हाना खाली उतरून बघून आलेले असतात. ते म्हणतात, "उतार कसला? बलून बसलंय." प्रस्तुत मार्गदर्शन येथपासून लागू होते.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणे अधिकृत झाले. बिऱ्हाड मधेच एका कुशीवर झोपले तर काय करायचे, हे मात्र ज्याचे त्याने शिकायचे असते.

रोगाची ओळख

साध्या गाडीचे ओझे लोखंडी पाटे पेलतात. हवेच्या गाडीत तेच काम रबरी फुगे करतात. गॅरेजात त्यांना बलून म्हणतात. इंजिनवरचा कॉम्प्रेसर हवा दाबतो, ड्रायर तिच्यातला ओलावा काढतो आणि टाक्या ती साठवून ठेवतात. बलूनमध्ये किती हवा सोडायची हे लेव्हल व्हॉल्व्ह ठरवतो. तो चेसिसला बसवलेला असतो आणि एका दांडीने ॲक्सलशी जोडलेला असतो. गाडी खाली बसली की दांडी वर सरकते आणि बलून भरतो. गाडी जास्त उचलली की दांडी खाली येते आणि हवा सुटते. सगळे पाहुणे एकाच सोफ्यावर जाऊन बसले तरी बंगला सरळ राहतो तो या दांडीच्या जिवावर. मराठी माणसाला या सुखाची चटक दादर–पुणे शिवनेरीने लावली. शिवनेरीला डेपो असतो, बंगल्याला मेहुणे असतात, एवढाच फरक.

निदान

वैद्य आधी रोग्याची चाल बघतो. तसेच येथेही दहा पावले मागे जाऊन गाडी कशी बसली आहे ते बघावे. पाने हातात घेण्याची घाई करू नये.

बहुतेक मोठ्या गाड्यांत पुढे एक आणि मागे दोन लेव्हल व्हॉल्व्ह असतात. त्यामुळे पुढचा भाग दोन्हीकडून सारखाच बसला असेल, तर संशय पुढच्या व्हॉल्व्हवर किंवा त्याच्या पाइपवर घ्यावा. मागची एकच बाजू बसली, तर त्या बाजूचा बलून, पाइप आणि व्हॉल्व्ह तपासावा. सगळी गाडीच बसली आणि इंजिन चालू असूनही हवेचा काटा चढत नसेल, तर रोग कॉम्प्रेसरात, ड्रायरमध्ये किंवा मोठ्या पाइपात आहे. बलूनला दोष देऊ नये.

दुखणे किरकोळ असेल तर रात्रीची परीक्षा करावी. झोपण्याआधी टायर आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत चारही कोपऱ्यांवर किती बोटे मावतात ते मोजून लिहावे. सकाळी पुन्हा मोजावे. रात्रीच्या गारव्याने हवा आकसते, म्हणून अर्धे बोट कमी भरले तर घाबरू नये. एकाच कोपऱ्यात तीन बोटे कमी भरली, तर गळती तिथे आहे. मोजणारा माणूस मात्र बदलू नये. मेहुण्यांची बोटे जाड असतात.

यानंतर साबणपरीक्षा. भांड्यांचा साबण वाटीभर पाण्यात फेसाळावा आणि जुन्या ब्रशने बलूनच्या खालच्या घडीवर, पाइपाच्या सांध्यांवर आणि व्हॉल्व्हच्या तोंडाशी लावावा. खालच्या घडीत धूळ आणि खडे अडकतात आणि प्रत्येक खड्ड्यागणिक रबर कापत राहतात. गळती असेल तिथे आधी मोहरीएवढा बुडबुडा येतो, मग शेजारी दुसरा, आणि बघता बघता साबूदाण्याच्या खिचडीसारखा पुंजका जमतो. गाडी उभी असताना व्हॉल्व्हच्या सुटकेच्या भोकातून सतत बुडबुडे येत असतील, तर व्हॉल्व्ह गेला किंवा दांडी वाकली असे समजावे.

दांडी का वाकते याचे उत्तर पायाखाली आहे. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या डांबराला लाटा आणते. त्या प्रत्येक लाटेवर दांडी एकदा वर जाते, एकदा खाली येते. कापसाला ही माती मानवते, दांडीच्या सांध्यांना मानवत नाही.

तज्ज्ञांचे मत

साबण लावेपर्यंत टपरीवरची मंडळी जमतात. त्यातला एक ज्येष्ठ ट्रॅक्टरवाला गाडीभोवती फेरी मारून म्हणतो, "कामून एवढी कटकट करता सायेब? पाटे टाका अन् मोकळे व्हा." शहरी माणसाने यावर हसू नये. १९५७ साली कॅडिलॅकने एल्डोराडो ब्रौघम नावाची, तेरा हजार डॉलरहून महाग मोटार हवेच्या सस्पेन्शनवर आणली होती. ती हवा धरीना, म्हणून अनेक मालकांनी बलून काढून लोखंडी स्प्रिंगा बसवल्या. अमेरिकेतल्या धनिकांना जे एवढे डॉलर मोजून कळले, ते येलदरीच्या टपरीवर चहाबरोबर फुकट मिळते.

उपचार

दांडी तुटली असेल तर गाडी सरळ उभी असताना व्हॉल्व्हचा हात मधल्या जागी आणून बाइंडिंग तारेने बांधावा. मग तो हवा भरतही नाही आणि सोडतही नाही. व्हॉल्व्हवर जर्मन कंपनीचे नाव कोरलेले दिसले तरी बिचकू नये. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण याच जिल्ह्याची आहे, आणि तारेचा पीळ बसवणारा हात इथे पहिल्याच हाकेला मिळतो.

नायलॉनचा पाइप चिरला असेल तर चिरलेला तुकडा ब्लेडने काटकोनात कापून टाकावा आणि टोक पुन्हा सांध्यात घट्ट बसवावे. तिरका काप हवा धरत नाही.

बलूनच फाटला असेल तर त्याच्याकडे जाणारा पाइप बंद करावा. नाहीतर टाक्यांतली हवा तिकडूनच निघून जाईल, आणि ब्रेकही त्याच हवेवर चालतात. अनेक बलूनच्या पोटात रबरी ठोकळा असतो. गाडी त्या ठोकळ्यावर टेकवून, हवेचा काटा पुरेसा चढल्याची खात्री करून, बैलगाडीच्या चालीने गॅरेज गाठता येते. हवा पाचेक बारच्या खाली घसरली की मागची चाके स्प्रिंग-ब्रेकने आपोआप जखडू लागतात. ही गाडीची आडमुठेपणाची सवय नसून तिची अक्कल आहे. तिच्याशी जबरदस्ती करू नये.

टाकीखालची कडी ओढून साचलेले पाणी रोज काढावे. नुसते पाणी आले तर ठीक. ताकासारखे पांढुरके, तेलकट पाणी आले तर ड्रायरमधली पुडी बदलायची वेळ टळून गेली आहे.

पथ्य

एवढ्या एका कलमात थट्टा नाही. हवेवर उभ्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीही नाही. बलून फुटला की कित्येक टनांचा सांगाडा डोळे मिटायच्या आत खाली येतो. चेसिसखाली जाड लाकडी ठोकळे किंवा स्टँड लावावेत, चाकांना उटी लावावी, आणि मगच वाकावे. मेहुण्यांना आधी पाठवू नये.

तार बांधून झाली की निघण्याआधी धरण बघून घ्यावे. पूर्णेवरचे हे धरण १९६८चे. पायथ्याशी साडेसात मेगावॉटचे तीन संच आहेत, म्हणजे एकूण साडेबावीस मेगावॉट. इथून सुटलेले पाणी खाली सिद्धेश्वर धरणात अडते आणि परभणी, हिंगोली, नांदेडच्या शेतांना पोचते. येथून जिंतूर पुन्हा तेच पंधराएक किलोमीटर. ठोकळ्यावर टेकलेल्या गाडीला तासाभराची वाट. चहा घ्यायचा असेल तर तो टपरीवरच उरकावा.