मोठा केलेला अंधार

पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा मुख्य हंगाम उघडतो. त्याआधी दुकानांत रायफलीवरच्या दुर्बिणींची पारख चालते, आपल्याकडे लग्नाआधी सोन्याची चालते तशी. गिऱ्हाईक २४ पटींची मागतं. जंगल दाट, हरीण दिसलंच तर बहुधा १०० यार्डांच्या आत. पण याला त्याच्या पापण्या मोजायच्या असतात. ३ ते ९ पटींची, ४० मिलिमीटर भिंगाची साधी दुर्बीण पुरते, हे दुकानदारालाही ठाऊक असतं. पण तो सांगेल कशाला?

गणित चौथीतल्या पोराचं आहे. भिंगाच्या व्यासाला पटींनी भागायचं. ४० ला ९ ने भागलं, की डोळ्यापर्यंत जवळपास साडेचार मिलिमीटरचा झोत पोचतो. २४ ने भागलं, तर दोनही उरत नाही. आणि हरणं बाहेर पडतात तिन्हीसांजेला! म्हणजे जास्तीचे डॉलर मोजून बघायचा काय, तर मोठा केलेला अंधार.

एवढं करून दुर्बीण बसवायच्या कड्या मात्र सर्वांत स्वस्तातल्या. चार गोळ्यांत स्क्रू सैल आणि नेम शेजारच्या झाडावर. दोष अर्थातच काचेचा. हरीण हे सगळं नुसत्या डोळ्यांनी बघत असतं, तेही फुकटात.