एकाही मताने न हरलेले अण्णा

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी अण्णा चार वेळा बिनविरोध निवडून आलेत. असा एक अण्णा तुमच्याकडेही असणारच, तेव्हा वर्णनात वेळ घालवत नाही. कमरेला गच्चीच्या, पंपाच्या, मीटररूमच्या चाव्या आणि तोंडात एकच वाक्य : "आजवर माझ्याविरुद्ध एक मत पडलेलं नाही!"

बाजूनेही पडलेलं नाही, हे त्यांना कोण सांगणार? मुळात मतदानच झालेलं नाही. २५० पर्यंत सभासद असलेल्या सोसायटीला आपली निवडणूक आपणच घेता येते. निवडणूक निर्णय अधिकारी मिळतो हो, उमेदवार मिळत नाही! मुदत ५ वर्षांची, मानधन शून्य. वर तो नियम : कारभारात घोळ झाला तर समितीतले सगळे मिळून जबाबदार आणि एकेकटेही जबाबदार. हे वाचलं की भलेभले लिफ्टची वाट न बघता जिन्याने पळतात. महिलांच्या राखीव २ जागांसाठी अण्णा दरवेळी सूचक-अनुमोदक बरोबर घेऊनच दारोदार फिरतात.

तरी प्रचार चुकत नाही. यंदाही हात जोडून दारात उभे.

"समोर कोण आहे, अण्णा?"

"कुणी नाही. पण गाफील राहून चालत नाही."

पार्किंगवरून कुणी अंगावर आलं, की "माझ्याविरुद्ध एक मत नाही!" पाण्याचा टँकर उशिरा आला, तरी तेच. घरी एकदा भाजीवरून हेच वाक्य टाकलं, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "घ्यायचं का आत्ता मतदान?" अण्णांनी मुकाट्याने दोडका खाल्ला.

परवा रात्री मात्र त्यांनी मला गच्चीवर बोलावलं. टाकीपाशी उभं राहून हळूच म्हणाले, "जागा तेवढेच अर्ज आलेत. तू एक जादा भर. मतदान होऊ दे. पडायचं तेवढं तू."

"पण कशाला?"

"एकदा मोजून बघायचंय रे."

खिशातून डायरी काढली. फ्लॅटवार बेरीज केलेली. ए विंगपुढे बरोबरच्या खुणा होत्या, बी विंगमध्ये प्रश्नचिन्हं. "चौथ्या मजल्याचं काही सांगता येत नाही. त्यांचं लीकेज राहिलंय." बॅटरीच्या उजेडात ते पान त्यांनी दोनदा पुन्हा मोजलं. वीस वर्षं पहाटे साडेपाचला पंप सुरू करणारा माणूस, आपण कुणाला हवे आहोत का, हे पेन्सिलीने शोधत होता.

मी अर्ज भरला. रात्री झोप लागेना. पार्किंगच्या रेषा आखल्यापासून अर्धी बिल्डिंग अण्णांवर चिडलेली, माझ्याशी मात्र कुणाचं वाकडं नाही. मी निवडून आलो आणि अण्णा पडले तर? पहाटे साडेपाचला उठायचं कुणी?

माघारीच्या शेवटच्या दिवशी मी अर्ज मागे घेतला. फलकावर नोटीस लागली : सर्व उमेदवार बिनविरोध. अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

चौथ्या मजल्याचं लीकेज मात्र त्याच आठवड्यात दुरुस्त झालं.