उत्पन्नाच्या दाखल्यास अनावृत पत्र

प्रति,
माननीय उत्पन्नाचा दाखला साहेब,
मुक्काम तहसील कचेरी, व्हाया सेतू केंद्र.



साहेब, आमच्या नांदेड-लातुरात लेकरांचं शिक्षण दोघांच्या हातात असतं, मार्कांच्या आणि तुमच्या. मार्कांचं आम्ही बघून घेतो. त्यासाठी गावाकडची माय लातूरच्या ट्युशन एरियात खोली करून राहते, बाप शेतावर एकटाच भाकरी थापतो. तुमच्यापुढे मात्र इलाज चालत नाही. तुम्ही एकदा आकडा लिहिला की आम्ही तेवढेच.

तुमचा दरारा थोडाथोडका नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती तुमच्याशिवाय मिळत नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली, त्याही दारात तुम्हीच उभे. आठ लाखांच्या आत असलात तर या. आठ लाख एक रुपया? मग घरी जा, श्रीमंतांनो. तुमचा भाऊ नॉन-क्रिमीलेअर तर त्याहून गमतीचा. तो पगार आणि शेतीचं उत्पन्न धरतच नाही, तुम्ही दोन्ही धरता. एकाच घराची, एकाच महसूल खात्यातून, दोन वेगवेगळी श्रीमंती.

पण तक्रार त्याची नाही. तक्रार ही की तुम्ही नेहमी गेल्या वर्षात राहता.

उदगीरकडचा एक बाप समजा. चाकणला कंपनीत सुपरवायझर, गावी थोडं सोयाबीन. २०२४-२५ साली ओव्हरटाइम जोरात होता. पगार आणि शेती धरून बेरीज झाली ८ लाख २० हजार. जुलै २०२५ मध्ये लेकीला इंजिनीअरिंगला नंबर लागला. तुम्ही प्रामाणिकपणे ८ लाख २० हजार लिहिलेत आणि वीस हजारांपायी फीमाफी गेली. ऑगस्टमध्ये कंपनीने माणसं कमी केली, बाप गावी परतला. सप्टेंबरच्या पावसाने उभं सोयाबीन पाण्यात बसवलं. आता घरात येणारा पैसा म्हणजे विकलेल्या म्हशीचा. कॉलेजचा दुसरा हप्ता मात्र तुमच्या हिशोबाने, ओव्हरटाइमवाल्या सुपरवायझरच्या मुलीकडून मागितला जातो. पुढच्या वर्षी तुम्ही हे नुकसान लिहाल, यात शंका नाही. तोवर व्याजाने काढलेल्या पैशांनी वर्ष भरून झालेलं असेल.

आणि कळत नव्हतं असं म्हणायची सोय तुम्हाला नाही, कारण तुमच्या घरात सगळ्यांना सगळं कळलेलं असतं. २०२५ च्या ऑगस्टात मुखेड तालुक्यात हसनाळ गाव पाण्याखाली गेलं, महिन्याभरात लातूर-नांदेडची शिवारंच्या शिवारं वाहिली. तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, नाव बदललं, चिखल तोच) पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बांधाबांधावर फिरले. पंचनाम्यावर लिहिलं, पीक नष्ट. त्याच हाताने, त्याच पेनाने, ज्या माणसाचं पीक नष्ट लिहिलं त्याच्याच उत्पन्नाचा अहवालही जातो आणि त्यात गेल्या मार्चपर्यंतचं सुगीचं चित्र असतं. दोन कागद एका टेबलावर पडलेले, पण एकमेकांची ओळखदेख नाही. पैसेवारी, म्हणजे पिकाच्या उताऱ्याचा सरकारी अंदाज, सप्टेंबरअखेर नजरअंदाज येते, ऑक्टोबरअखेर सुधारित, डिसेंबरअखेर अंतिम. म्हणजे पिकाला वर्षात दोनदा फेरतपासणी आहे. माणसाला एकदाही नाही.

सरकार अगदी डोळे मिटून बसलंय असंही नाही. पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली गेली की सवलती लागतात, त्यांत परीक्षा फी माफ. अतिवृष्टीतही ती सवलत दिली गेली. उपकार मानतो. पण साहेब, परीक्षेची फी शेकड्यांत आणि वर्षाची फी हजारांच्या पटीत. दार बंद ठेवून आत बसायच्या खुर्चीचं भाडं माफ केलंत.

अमेरिकेत तुमचे एक चुलतभाऊ आहेत. कॉलेजच्या मदतीसाठी ते तर दोन वर्षांमागचं उत्पन्न बघतात, म्हणजे तुमच्याहून जुनाट. पण तिथे कॉलेजातल्या आर्थिक मदतीच्या अधिकाऱ्याला मुभा आहे. नोकरी गेली, बाप गेला, घटस्फोट झाला, तर कागद बघून त्या एका घरासाठी तो आकडा बदलू शकतो. त्यासाठी वेगळी योजना नको, वेगळं पोर्टल नको, मंत्रिमंडळाची बैठक तर नकोच. एक माणूस आणि त्याला दिलेला अधिकार. आपल्याकडे अधिकारी भरपूर, मुभा तेवढी राहून गेली.

तेव्हा विनंती साधी आहे. वर्षाच्या मध्ये ज्याची कमाई गेली त्याला तुमच्या अंगावर एक ओळ जोडून घेता यावी. कंपनीचं नोकरी संपल्याचं पत्र, पंचनाम्याची नक्कल किंवा मृत्यूचा दाखला, यातलं जे त्याच्या हाती असेल ते बघा आणि उरलेल्या हप्त्यांपुरता आकडा पुन्हा मांडा. फसवतील म्हणता? फसवणारे आजही आठ लाखांच्या आत आरामात राहतात. अडकतो तो खरी पगार-पावती जोडणारा.

कळावे, लोभ आहे तो दाखल्यापुरताच.

आपला,
३१ मार्चपर्यंत वैध असलेला एक बाप

ता. क. : सोबत स्वयंघोषणापत्र जोडलं आहे. फोटो चिकटवला आहे, सही फोटोवरून आडवी केली आहे. ती फोटोच्या बाहेर गेल्याने अर्ज परत पाठवू नये.