मामाची मिरची आणि माझं रिग्रेशन

मी अर्थशास्त्रात एम.ए. आहे, ही गोष्ट केशोरीत लपवणं अवघड आहे. एक तर गाव ओळखीचं. दुसरं म्हणजे माझा मामा मिरची लावतो.

विषय निवडताना घरून विरोध झाला नाही. बाबासाहेबांचं एम.ए.ही अर्थशास्त्राचंच, 1915 सालचं, कोलंबिया विद्यापीठाचं. त्यापुढे कोण बोलणार? आमच्या वेळी चार सेमिस्टर, दर सेमिस्टरला चार पेपर, पेपरला लेखी 80 आणि अंतर्गत 20. सूक्ष्म, स्थूल, सार्वजनिक वित्त, आंतरराष्ट्रीय व्यापार यांतून सुटका नव्हती. खरी गंमत ऐच्छिक पेपरात. अभ्यासक्रमात पर्यायांची यादी हॉटेलच्या मेनूकार्डाएवढी, आणि कॉलेजात उत्तर वेटरचं: आज फक्त कृषी अर्थशास्त्र आहे.

मी अडून बसलो. धानाच्या बांधीत चिखल तुडवत वाढलेल्या माणसानं एम.ए.ला जाऊन पुन्हा धानच शिकायचा? मला अर्थमिती, म्हणजे आकडेमोडीचं अर्थशास्त्र, हवं होतं. कारण उघड सांगतो: अर्थमितीवर गावात कोणी प्रश्न विचारणार नाही, असा माझा हिशेब होता. सर थकून म्हणाले, "स्वतः वाचणार असशील तर घे."

शेवटच्या सेमिस्टरला प्रकल्प होता. मी विषय घेतला मिरचीच्या भावाचा अंदाज. आमच्या भागाची ओळख मिरचीनं आहे, आणि धानासारखा तिला हमीभाव नाही. साधारण धानाला 2025-26 साठी क्विंटलला 2,369 रुपये ठरलेले आहेत. मिरचीचं ठरवतो तो व्यापारी आणि त्या दिवशीची आवक. म्हणजे संशोधनाला भरपूर वाव! जुने भाव गोळा केले, कंप्युटरमध्ये घातले, रिग्रेशन चालवलं, म्हणजे त्या आकड्यांतून एक रेषा काढली. रेषा वर गेली. अशी सुंदर वर गेली, की मी तिचा प्रिंट काढून मामाला दाखवला.

"भासा, यंदा का लावू?" मामानं विचारलं होतं. एवढ्या आदरानं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी रेषेवर बोट ठेवून म्हणालो, "मिरची. आणि नेहमीपेक्षा जास्त."

आता इथे पहिल्या सेमिस्टरमधली एक आकृती सांगणं भाग आहे. शेतकरी गेल्या वर्षीचा भाव पाहून पेरतो. सगळे तेच पाहतात. माल एकदम येतो, भाव पडतो. पुढच्या वर्षी कोणी लावत नाही, भाव चढतो. आलेखावर हे फिरत फिरत कोळ्याचं जाळं होतं. जर्मनीत हानाऊ या अर्थतज्ज्ञानं 1928 मध्ये हेच चक्र डुकरांच्या भावात दाखवलं, आणि काल्डॉरनं 1934 मध्ये त्याला जाळ्याचं नाव दिलं. ही आकृती मी परीक्षेत पट्टी लावून काढली होती, बाणांसकट. मार्कही चांगले मिळाले. पण ती सूक्ष्म अर्थशास्त्राच्या पेपरातली. अर्थमितीचा पेपर वेगळा होता, त्याची वहीसुद्धा वेगळी!

त्या साली मिरची इतकी आली, की तोडणीची मजुरी जास्त आणि मिरची स्वस्त. मामा रागावला नाही, ते जास्त लागलं. एवढंच म्हणाला, "मागच्या सालचा भाव सप्पा गावानं पायला होता ना बावा. तुया कंप्युटरनं तेवढाच पायला का?" काल्डॉरला याहून जास्त काही सांगायचं नव्हतं.

प्रकल्पाला मात्र उत्तम गुण पडले. परीक्षकांना मिरची विकायची नव्हती. माझ्या वाट्याला मामानं सल्ल्याची फी म्हणून एक पोतं पाठवलं. ते संपेपर्यंत आमच्या घरी पाहुणे थांबत नसत.

तेव्हापासून मामा दर हंगामाआधी मला फोन करतो, मी सांगतो ते नीट ऐकतो आणि बरोबर त्याच्या उलट करतो. त्याचं ठीक चाललंय. एका अर्थी माझं मॉडेल अचूक आहे, फक्त चिन्ह बदलून वाचायचं.

आता मामाचा नातू एम.ए.चा फॉर्म भरतोय. नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे सगळं श्रेयांकांत मोजतात. पहिल्या सेमिस्टरला संशोधन पद्धती, दुसऱ्यात चार श्रेयांकांचं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण किंवा क्षेत्रकार्य, मग तिसऱ्या-चौथ्यात संशोधन प्रकल्प. ऐच्छिक पेपर आहेतच. त्यानं विचारलं, "काका, कोणता घेऊ?" मी म्हणालो, कृषी अर्थशास्त्र, आणि क्षेत्रकार्य आजोबांच्या वावरात कर. आजोबांनी हे ऐकलं आणि पोराला लगेच अर्थमिती घ्यायला लावली.

फॉर्म भरणाऱ्या इतरांनी एवढं लक्षात ठेवावं: एका वर्षानंतर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय आता आहे. आणि प्रकल्पाचा प्रिंट नातेवाइकांना दाखवू नये.